वाचनालयाचे नाव: डॉट इन, ओआरजी डॉट इन की डॉट भारत?

कार्यवाह_तळकोकण

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका शासनमान्य ‘ब’ वर्ग वाचनालयाचा कार्यवाह आहे. आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका होतकरू तरुणाने हौसेने करून दिले होते. त्याने डोमेनचे नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर घेतले होते. तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, कोणीच ती वाचली नाही आणि नाव सुटले. आता तेथे रमीच्या जुगाराची जाहिरात दिसते. वार्षिक अहवालाच्या मागच्या पानावर आम्ही तोच पत्ता छापला होता, त्यामुळे काही वर्गणीदारांनी फोन करून, वाचनालयाने उत्पन्नाचे नवे साधन शोधले काय, अशी विचारणा केली.

नवे नाव घेण्याचा ठराव कार्यकारिणीत मंजूर झाला. त्यानंतर मी सभासदांना चिठ्ठ्या दिल्या आणि ‘वाचनालय’ हा शब्द रोमन लिपीत लिहावयास सांगितला. नऊ चिठ्ठ्यांत पाच वेगवेगळी रूपे निघाली. कोणी सुरुवातीला व्ही लिहिला, कोणी डब्ल्यू. कोणी ‘च’नंतरचा ए गाळला, कोणी शेवटचा ठेवला. नागरीत मात्र नऊही जणांनी तो एकाच रीतीने लिहिला असता. म्हणून माझा कल .भारत कडे आहे. आमचे खजिनदार म्हणतात की असा पत्ता कोणी टंकणार नाही. आपला अनुभव काय? आणि .इन व ओआरजी.इन यांत नेमका फरक कोणता?

तिरकस

नऊ जणांत पाचच रूपे निघाली म्हणजे आपली कार्यकारिणी एकजुटीची आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत सात सभासदांची नऊ रूपे झाली असती.

शेवंती_कराड

वाचनालय शासनमान्य असेल, अनुदान शासनाकडून येत असेल, तर जीओव्ही.इन मिळायला काय हरकत आहे? लोकांचा विश्वासही बसेल.

जुहूकर

शेवंतीताई, ते मिळणार नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान मिळाले, तरी वाचनालय शासनाचे खाते होत नाही. चालवणारी संस्था खाजगीच राहते. जीओव्ही.इन ही पत्त्याची शेपटी केंद्र व राज्य शासनांची खाती आणि त्यांच्या कार्यालयांसाठी राखलेली असून तिचा कारभार एनआयसी ही केंद्र शासनाची संगणक संस्था पाहते. एसी.इन, ईडीयू.इन आणि आरईएस.इन या शिक्षण व संशोधन संस्थांसाठी असून त्यांची नोंदणी अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या संस्थेकडे होते, आणि तेथेही कागदपत्रांची छाननी असते. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मुख्य शेपट्या म्हणजे थेट .इन, सीओ.इन, नेट.इन, ओआरजी.इन, फर्म.इन, जेन.इन आणि आयएनडी.इन.

कार्यवाहसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे, नियमाच्या दृष्टीने .इन आणि ओआरजी.इन यांत काहीही फरक नाही. ओआरजी.इन घेताना आपली संस्था धर्मादाय आहे की किराणा दुकान आहे हे कोणी विचारत नाही. फरक आहे तो वाचणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेत.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आमच्या डोळ्यांसमोर घडला. दोन अक्षरी देशसंकेत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३१६६ क्रमांकाच्या यादीतून घेतलेले असतात. इंटरनेटच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९१ या टिपणात ही प्रथा लिहून ठेवली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही हे ठरवण्याच्या भानगडीत आपण पडणार नाही, तो वाद दुसऱ्यांची यादी मिटवेल, असे त्यात साफ म्हटले आहे. एका कारकुनी यादीच्या आड उभे राहून त्यांनी जगातले निम्मे सीमातंटे टाळले, हे मला आजही शहाणपणाचे वाटते. त्याच टिपणात देशाच्या शेपटीचा सांभाळ करणारा हा तेथील लोकांचा विश्वस्त आहे, मालक नव्हे, असेही बजावले आहे.

.इन ची नोंद १९८९ च्या मे महिन्यातली. तिचा कारभार तेव्हा आमच्या जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. त्या काळी नाव मिळवायचे म्हणजे संस्थेचे कागद दाखवायचे आणि वाट पाहायची. परिणाम असा की १९९२ ते २००४ या काळात साऱ्या देशात मिळून सुमारे ७,००० नावे नोंदली गेली. कारभार निक्सी या आजच्या नोंदणी संस्थेकडे आल्यावर २००५ च्या सुरुवातीला आधी व्यापारचिन्हधारकांना आणि मग सर्वांना दार उघडले, आणि २०१० च्या मार्चपर्यंत आकडा ६ लाखांच्या वर गेला. आज जगातला कोणीही .इन घेऊ शकतो, भारतात पत्ता असण्याची अट नाही.

डिजिटल_भटक्या

मी पुण्यात एका नवउद्योगात काम करतो. आमच्याकडे कोणी .इन घेत नाही; .आयओ किंवा .एआय घेतात. नावे आखूड मिळतात आणि ऐकायला आधुनिक वाटतात. वाचनालयाने तरुणांना ओढायचे असेल तर तसा विचार जरूर करावा.

जुहूकर

भटक्यासाहेब, .आयओ म्हणजे ‘इनपुट आउटपुट’ नव्हे, तो ‘ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेश’ याचा, म्हणजेच छागोस बेटांचा संकेत आहे. ही बेटे मॉरिशसच्या हवाली करण्याच्या करारावर ब्रिटन आणि मॉरिशस यांनी २२ मे २०२५ रोजी सह्या केल्या. उद्या तो प्रदेश नकाशावरून स्वतंत्र नोंद म्हणून गेला आणि आयएसओच्या यादीतूनही संकेत निघाला, तर शेपटी मागे घेण्याचे नियम लागू होतील. इंटरनेटच्या नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पाच वर्षांची मुदत असते आणि ती वाढवून फार तर दहा वर्षांची करता येते. युगोस्लाव्हियाचा .वाययू २०१० मध्ये असाच बंद झाला, नेदरलँड्स अँटिल्सचा .एएन २०१५ मध्ये. सोव्हिएत संघाचा .एसयू मात्र १९९० च्या सप्टेंबरात मिळाला, पुढच्याच वर्षी संघ मोडला, आणि तो संकेत अजून जिवंत आहे. तेव्हा नियम आहेत, पण ते सर्वांना सारखे लागतात असे समजू नये.

एक अवांतर. मॉरिशसमध्ये मराठी माणसे एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि तेथील शाळांत मराठी शिकवली जाते. त्यामुळे छागोसच्या बातमीत मला उगाचच भाऊबंदकी वाटते.

डिजिटल_भटक्या

मुद्दा मान्य. पण .एआय तर अँग्विला या बेटाचा आहे आणि ते बेट कोठे जात नाही. सोळा-सतरा हजार वस्तीच्या त्या बेटाने २०२३ मध्ये केवळ नावे विकून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळवले. सरकारच्या उत्पन्नाचा तो पाचव्या हिश्शाहून मोठा वाटा होता.

तिरकस

म्हणजे तळकोकणातल्या वाचनालयाची वर्गणी कॅरिबियन समुद्रातल्या बेटाच्या तिजोरीत जाणार. दोघांनाही पावसाळ्यात वीज जाण्याचा अनुभव असेल, तेवढाच काय तो ऋणानुबंध.

मुग्धा_लंडन

येथील अनुभव लिहिते. ब्रिटनचा आयएसओ संकेत खरे तर जीबी आहे, पण .यूके ही शेपटी १९८५ पासून रूढ झाली होती, म्हणून तीच राहिली. त्या वेळी येथील विद्यापीठांच्या जाळ्यात पत्ते उलटे, म्हणजे देश आधी आणि संस्था शेवटी असे लिहीत. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी येते, तसाच प्रकार. जगाने दुसरी रीत धरल्यावर त्यांनाही वळावे लागले.

कार्यवाहांना उपयोगी पडेल अशी गोष्ट पुढे आहे. येथे वर्षानुवर्षे सीओ.यूके, ओआरजी.यूके अशीच नावे मिळत. जून २०१४ मध्ये थेट .यूके खुले केले, आणि ज्यांच्याकडे आधीपासून सीओ.यूके सारखे नाव होते त्यांच्यासाठी तेच थेट नाव पाच वर्षे, जून २०१९ पर्यंत, राखून ठेवले. भारतात २००५ नंतर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी खुले आहेत. म्हणजे आपण ओआरजी.इन घेतले आणि कोणी त्याच नावाचे थेट .इन घेतले, तर वाचक तिकडे भरकटणार. माझ्या मते परवडत असेल तर दोन्ही घ्यावीत.

देशाच्या शेपटीबरोबर देशाचा कायदाही येतो, हे येथे ब्रेक्झिटनंतर लोकांना कळले. .ईयू घेण्यासाठी युरोपीय संघाशी नाते असावे लागते. ते नाते तुटल्यावर २०२१ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या सुमारे ८०,००० नावांचे कामकाज थांबवण्यात आले. नावे घेतली तेव्हा त्यांतल्या कोणाच्या मनात सार्वमताचा विचार असणार?

अक्षरजुळणी

मूळ प्रश्न .भारत चा होता आणि आपण युरोपात पोहोचलो. मी छपाईच्या व्यवसायात आहे, म्हणून नागरीपुरते लिहितो.

.भारत नागरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये खुले झाले. त्यात मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी, मैथिली, डोगरी आणि बोडो अशा आठ भाषा धरल्या आहेत. येथे पहिली अडचण उभी राहते. शेपटी लिपीची आहे, भाषेची नाही. ‘वाचनालय’ हा शब्द हिंदीतही आहे, त्यामुळे नुसते वाचनालय.भारत हे नाव उज्जैनचा वाचकही आपले समजेल. जो आधी मागेल त्याला ते मिळते. नावात गावाचे नाव घालणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. इंटरनेटची नावे सांभाळणारी मूळ यंत्रणा आजही रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ यांवरच चालते. नागरी नाव आपल्याला नागरी दिसते, पण आत ते रोमन सांकेतिक रूपात जाते. भारत या चार चिन्हांच्या शब्दाचे आतले रूप एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच २ बी आर जे ९ सी असे आहे. चांगल्या ब्राउझरमध्ये हे दिसत नाही, परंतु पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवला की कधीकधी हे भूत बाहेर येते, आणि आपल्या वर्गणीदाराला वाटते की कोणीतरी फसवणुकीचा दुवा पाठवला.

तिसरी गोष्ट खास मराठीची आहे, आणि ती मला सर्वांत जिव्हाळ्याची आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याला पंगतीचा आकडा सांगायचा. फरक फक्त रफार आणि अर्धचंद्री र यांचा आहे. हा दुसरा र पुष्कळदा अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकला जातो. ही अदृश्य चिन्हे डोमेन नावांच्या पूर्वीच्या नियमांत गाळूनच टाकली जात. २०१० च्या नव्या नियमांनी ती ठरावीक जागी चालतील असे म्हटले, पण सर्वांत वरच्या पातळीवरच्या शेपट्यांत ती आजही चालत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे चिन्ह नावात असणे म्हणजे फसवणाऱ्याला आमंत्रण, हे त्यामागचे कारण आहे. ते योग्यच आहे, फक्त भुर्दंड मराठी आणि नेपाळीसारख्या भाषांना पडतो. उपाय म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पाय मोडणे. ‘ॲ’ची कथा अशीच. एकजिनसी ॲ युनिकोड या संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात २००८ मध्ये आला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. दिसायला दोन्ही एक, यंत्राच्या लेखी दोन. ‘ॲ’ने सुरू होणारे नाव घेणाऱ्याने हे तपासावे.

आपल्या सुदैवाने ‘वाचनालय’ या शब्दात एकही जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही, ऱ्हस्वदीर्घाचा वाद नाही. नागरी डोमेनसाठी याहून सरळ शब्द मला सुचत नाही.

शेवंती_कराड

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आमच्या भोजनगृहाचे नाव आता आचार्य ठेवावे की आचारी, एवढाच प्रश्न उरला आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. .भारत मध्ये कोकणी आहे ती नागरी लिपीतली. १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही नागरी कोकणीच राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराची तरतूद आहे. पण आमच्या शेजारी अर्धी वस्ती रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत वाचते आणि प्रार्थना करते. त्यांच्या क्लबाला किंवा तियात्र मंडळाला नागरी पत्ता देऊन काय उपयोग? ते .इन च घेणार. उलट रोमनमध्ये आमच्या राजधानीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्यामुळे कार्यवाहांचे चिठ्ठ्यांचे दुखणे आम्हांला चांगले ठाऊक आहे. नावाबरोबर लिपी निवडली की वाचकही निवडला जातो, हे ध्यानात ठेवावे.

स्वदेशी_सातारा

मला एक मूलभूत प्रश्न आहे. देशाचे नाव भारत असताना आपण इंग्रजी नावाच्या अक्षरांचा .इन का वापरतो? २०२३ मध्ये जी-२० च्या मेजवानीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘भारत’ छापले गेले, तेव्हाच हा संकेत बदलायला हवा होता.

जुहूकर

कोणती दोन अक्षरे घ्याल? बीएच बहारीनकडे आहे, बीआर ब्राझीलकडे, बीटी भूतानकडे, बीए बॉस्नियाकडे. भारताच्या नावातून जे जे सुचते ते बहुतेक गेलेले आहे. जर्मनीने स्वभाषेतल्या नावावरून डीई घेतला, क्रोएशियाने एचआर घेतला, आणि स्वित्झर्लंडने चार भाषांच्या भांडणात लॅटिन नाव पुढे करून सीएच घेतला, हे खरे. पण ती निवड सुरुवातीलाच झाली. स्वाझीलँड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला तरी संकेत एसझेडच राहिला, तुर्कस्तानने २०२२ मध्ये नाव बदलून घेतले तरी टीआर तसाच आहे. ब्रह्मदेशाचा बीयू जाऊन एमएम आला, पण तेव्हा तेथे इंटरनेटवर कोणी नव्हते. आज .इन बदलायचा म्हणजे लाखो पाट्या, पावतीपुस्तके आणि ईमेल बदलायचे. नागरीत .भारत मिळाले आहे, शासनासाठी सरकार.भारत ही शेपटीही आहे. ज्याला स्वदेशी हवे त्याने ते वापरावे.

स्वदेशी_सातारा

वापरतोच आहे. आमच्या गुऱ्हाळाचे नाव नागरीत आहे.

तिरकस

‘गुऱ्हाळ’! अक्षरजुळणी, धावा.

अक्षरजुळणी

पाहिले. ऱ, पाय मोडलेला, मग ह. आपण ‘गुर्‍हाळ’ असे अदृश्य जोडचिन्हाने टंकले आहे की ऱ वापरून, हे कृपया नोंदणीच्या पावतीवर पाहा. दोन्ही रूपे येथे दिसायला सारखीच दिसतील.

स्वदेशी_सातारा

पाहिले. ऱ वापरलेला आहे. परंतु माझ्या मोबाइलच्या कळफलकावर टंकले असता दुसरे रूप उमटते आणि पान उघडत नाही. गेले वर्षभर मी दुवा जतन करून ठेवलेला असल्यामुळे हे कधी लक्षातच आले नाही. आभारी आहे, पण थोडा खिन्नही आहे.

निवृत्त_लेखापाल

मी नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. शेपटीला काही अर्थ नसतो असे कोणी म्हणेल म्हणून लिहितो. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत बँकांसाठी बँक.इन ही राखीव शेपटी जाहीर केली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तिकडे जावे असा आदेश काढला. नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळतात आणि बँक असल्याखेरीज मिळत नाहीत. बँकेच्या नावाने खोटी पाने करून ठेवीदारांना लुबाडणाऱ्यांना आळा घालणे हा त्याचा हेतू. आमच्यासारख्या छोट्या बँकांना नवे फलक, नवी धनादेश पुस्तके आणि एसएमएसचे मसुदे बदलताना घाम फुटला, पण ठेवीदाराला एकच गोष्ट सांगता आली: शेवटी बँक.इन दिसले नाही तर पुढे जाऊ नका.

दार बंद असेल तरच शेपटीवरून ओळख पटते. ओआरजी.इन चे दार सताड उघडे आहे. तेव्हा त्यातून वाचनालयाची विश्वासार्हता वाढेल अशा भ्रमात राहू नये.

सनदी_वकील

कार्यवाहांच्या जुन्या नावाबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

डोमेनचे नाव ही केवळ तांत्रिक खूण नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षण तिला मिळते, हे आपल्या न्यायालयांनी बऱ्याच आधी मान्य केले आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ हे संकेतस्थळ आणि एका स्वराच्या फरकाने घेतलेल्या ‘रॅडिफ’ नावाचा वाद १९९९ मध्ये आला होता, आणि न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या प्रकरणात हेच तत्त्व पक्के केले. .इन साठी वेगळी तंटानिवारण पद्धत आहे; लवादापुढे तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात: वादातले नाव आपल्या नावाशी फसवे साम्य राखते, समोरच्याला त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे.

आता व्यवहार. जुगाराच्या जाहिरातीसाठी नाव उचलणाऱ्याचा हेतू सिद्ध करणे अवघड नसावे. अवघड आहे ते ‘वाचनालय’ आणि गावाचे नाव या दोन सर्वसामान्य शब्दांवर आपला विशेष हक्क दाखवणे. शिवाय लवादाचे शुल्क आणि वकिलाची फी यांत वाचनालयाच्या पुस्तकबांधणीची कित्येक वर्षांची तरतूद संपेल. वकील असूनही सांगतो, लढू नका.

त्याऐवजी नवे नाव घेताना नोंदणीत ‘धारक’ या रकान्यात संस्थेचे नाव, न्यास नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसे, अक्षरशः लिहावे. .इन मध्ये नाव लपवून दुसऱ्याच्या आडोशाने नोंदणी करण्यास मनाई आहे, तेव्हा खरे नाव देण्याला पर्यायही नाही. ईमेल कार्यवाहाचा खाजगी नको, आणि ज्या नावाचे नूतनीकरण करायचे त्याच नावावरचाही नको. नाव बंद पडले की त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि सूचना कोणालाच मिळत नाही. ज्याने संकेतस्थळ बांधले त्याच्या हाती बांधकाम असावे, सातबारा नव्हे.

मुग्धा_लंडन

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. येथील मराठी मंडळांतही दर काही वर्षांनी हेच घडते. कार्यकारिणी बदलते, पासवर्ड मागच्या अध्यक्षांकडे राहतो आणि मग गणेशोत्सवाच्या तोंडावर फोनाफोनी सुरू होते.

डिजिटल_भटक्या

वकीलसाहेब, आमच्या कंपनीचे .आयओ नाव कोणाच्या नावावर आहे हे आज दुपारी तपासले. ज्या सहकाऱ्याने ते घेतले, तो दोन वर्षांपूर्वी सोडून गेला आहे. उद्या त्याला जेवायला बोलावले आहे.

कार्यवाह_तळकोकण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. महिनाभराने परत आलो आहे; काय झाले ते सांगतो.

धागा छापून कार्यकारिणीपुढे ठेवला. रोमन रूपाचा वाद सुटला तो वेगळ्याच मार्गाने. कपाटात संस्थेचा एक जुना गोल रबरी शिक्का सापडला, त्यावर इंग्रजीत व्हीने सुरू होणारे आणि शेवटी ए असलेले रूप कोरलेले आहे. न्यास नोंदणीच्या कागदावर तोच शिक्का उमटलेला होता. शिक्क्यापुढे कोणाचे काही चालले नाही. त्या रूपाचे ओआरजी.इन आणि थेट .इन अशी दोन्ही नावे संस्थेच्या नावावर घेतली. थेट नाव रिकामे न ठेवता ओआरजी.इन कडे वळवले आहे. शेपटीमुळे विश्वास वाढत नाही हे लेखापालसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु अहवाल वाचणाऱ्या जुन्या मंडळींना ‘ओआरजी’ बघून बरे वाटते, आणि त्यांचीच वर्गणी वेळेवर येते.

गावाच्या नावासह नागरी .भारत ही घेतले. ते टंकून मी सात जणांच्या मोबाइलवर पाहिले. पाच ठिकाणी थेट उघडले, एके ठिकाणी ब्राउझरने पत्ता न समजता शोधयंत्रात टाकला, आणि एका मोबाइलवर मराठी कळफलकच नव्हता. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर ठिपक्यासाठी इंग्रजीत जावे लागत नाही, ही गोष्ट मला नव्याने कळली. नागरी पत्त्यावरचा ईमेल मात्र आम्ही सोडून दिला. एका अर्जाच्या रकान्यात तो भरला असता ‘अवैध ईमेल’ असा लाल शेरा आला. पत्रव्यवहार रोमन नावावर, आणि वाचनालयाच्या दर्शनी पाटीवर नागरी नाव, असे ठरले.

त्या पाटीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. रंगाऱ्याने खडूने आखणी केली तेव्हा मधला ठिपका शिरोरेघेच्या वर भा वर बसवला, कारण त्याच्या हाताला अनुस्वाराची सवय. पाटीवर ‘भांरत’ असे वाचले जाऊ लागले. मी त्याला तो खाली, अक्षरांच्या पायाशी घ्यायला सांगितले, तर म्हणाला, “कार्यवाहानू, वाक्य संपला नाय आणि टिंब कित्याक?”

अक्षरजुळणी

त्याचा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने बिनतोड आहे.

तिरकस

नूतनीकरणाची तारीख पाटीच्या मागच्या बाजूला रंगवून घ्या. रंगारी आहे तोवरच.

कार्यवाह_तळकोकण

खजिनदारांनी एकदम पाच वर्षांचे पैसे भरले आहेत. तारीख जमाखर्चाच्या वहीत, वीजबिलाच्या रकान्याखाली लाल शाईने लिहिली आहे, आणि वही कोणाच्या घरी न्यायची नाही असा ठराव केला आहे.